टॅग मॅनेजरमधून कुकी-संमती: सोलापुरातील संकेतस्थळधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील टॉवेल-चादरीचे कारखानदार, गणवेश शिवून परगावी पाठवणारे उद्योजक आणि शेंगाचटणी, कडक भाकरी घरपोच देणारे गृहउद्योग यांच्या संकेतस्थळांचे काम मी करते. कुकी-संमतीविषयी या मंडळींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे गूगल टॅग मॅनेजर वापरणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. संकेतस्थळावरचे मोजमापाचे व जाहिरातींचे छोटे कोड, म्हणजे टॅग, एकाच जागेवरून चालवण्याचे हे साधन आहे. ज्यांचा माल परदेशी जातो त्यांनी कायद्याविषयीचा भाग आपल्या वकिलांना अवश्य दाखवावा. तांत्रिक भाग मात्र मालकाने स्वतः वाचावा, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच झालेली असते आणि ती वकिलांना दिसत नाही.

कुकी म्हणजे नेमके काय, आणि तिच्यासाठी परवानगी कशाला मागायची?

संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली मजकुराची छोटीशी नोंद म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी ती तयार केली, तेव्हा एकाच ग्राहकाच्या दोन भेटींचा धागा जुळावा, त्याने निवडलेला माल लक्षात राहावा, एवढीच गरज होती. आजही खरेदीची टोपली, लॉगिन, सुरक्षा आणि ग्राहकाने संमतीबाबत दिलेले उत्तर लक्षात ठेवणाऱ्या कुकीज या अत्यावश्यक मानल्या जातात आणि त्यांच्यासाठी वेगळी संमती मागावी लागत नाही.

प्रश्न येतो तो बाकीच्यांचा. गूगल अ‍ॅनालिटिक्सची ‘अंडरस्कोर जीए’ (_ga) ही कुकी मुळातल्या मांडणीनुसार दोन वर्षांची मुदत घेऊन बसते, आणि मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, पिक्सेल नावाच्या जाहिरात-कोडची ‘अंडरस्कोर एफबीपी’ (_fbp) ९० दिवसांची. ग्राहकाने टॉवेलचा भाव पाहून पान बंद केले तरी या नोंदी त्याच्या फोनमध्ये राहतात. त्या ठेवण्याआधी त्याला विचारले पाहिजे, आणि त्याने नाही म्हटले तर त्या ठेवता कामा नयेत.

आमचे दुकान नवी पेठेत आहे. युरोपच्या कायद्याशी आमचा काय संबंध?

आपला माल फक्त सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट या परिसरात विकला जात असेल, तर फारसा नाही. युरोपातील एखाद्याने आपले पान केवळ उघडून पाहिले म्हणून तेथील कायदा आपल्याला लागू होत नाही. २५ मे २०१८ पासून अमलात असलेला युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम, म्हणजे जीडीपीआर, बाहेरच्या देशातील व्यवसायाला मुख्यतः दोन कारणांनी लागू होतो. एक तर तो व्यवसाय युरोपातील लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करत असेल तर, किंवा त्यांच्या तेथील वागण्यावर लक्ष ठेवत असेल तर.

टेरी टॉवेलच्या निर्यातदाराने मात्र थांबून विचार करावा. संकेतस्थळावर युरोमध्ये भाव दिलेले असतील, जर्मन भाषेतले पान असेल, तिकडच्या खरेदीदारांना गूगलवर जाहिराती दाखवल्या जात असतील, तर ‘आम्ही तर कंपनीला विकतो, माणसाला नाही’ हे उत्तर पुरत नाही. कंपनीच्या वतीने पान उघडणारा खरेदी अधिकारी हा माणूसच असतो आणि कुकी त्याच्याच ब्राउझरमध्ये बसते. कुकीजचा मूळ युरोपीय नियम तर २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशातला आहे, २००९ च्या दुरुस्तीने त्यात आगाऊ संमतीची अट आली, आणि ती अट जीडीपीआरच्या आधीपासूनची आहे.

भारतीय कायद्यात कुकीचा उल्लेख आहे का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये ‘कुकी’ हा शब्द नाही. तरीही व्यक्ती ओळखता येईल अशी माहिती कुकीच्या आधारे गोळा होत असेल, तर ती या कायद्याच्या कक्षेत येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा अवधी तयारीसाठी दिलेला आहे, आणि ज्यांच्याकडे संकेतस्थळ पाहायला स्वतंत्र माणूस नाही अशा छोट्या व्यवसायांना तो पुरेपूर लागणार आहे.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे व ती स्पष्ट कृतीतून व्यक्त झाली पाहिजे. म्हणजे ‘आपण हे पान पाहत राहिलात, याचा अर्थ आपली संमती आहे’ या वाक्याला इथे जागा नाही. दुसरी अशी की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, आणि आपल्या गावात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा तीत आहेत. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातील आजीला तेलुगूतून सूचना वाचता आली पाहिजे, ही गोष्ट आता केवळ आपल्या चांगुलपणावर सोडलेली नाही.

आमच्या संकेतस्थळावर संमती विचारणारा बॅनर आहे. मग काम झाले ना?

झाले असेलच असे नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात मी मालकांच्या शेजारी बसून त्यांचे संकेतस्थळ खाजगी विंडोमध्ये उघडले. खालच्या बाजूला छान रंगसंगतीचा बॅनर आला. त्याला हात न लावता मी ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडली, ‘अ‍ॅप्लिकेशन’ या विभागात गेले आणि डावीकडच्या यादीतून कुकीज निवडल्या. समोर तीन ओळी आल्या: अंडरस्कोर जीए, अंडरस्कोर एफबीपी आणि गूगल जाहिरातींची अंडरस्कोर जीसीएल अंडरस्कोर एयू (_gcl_au). मालक पडद्याकडे वाकून म्हणाले, ‘‘ताई, मी तर अजून काहीच दाबलं नाही.’’ मग आम्ही ‘नाकारा’ दाबून पान पुन्हा उघडले. तिन्ही ओळी तिथेच होत्या.

कारण शोधायला अर्धा तास लागला. संकेतस्थळ आधी दुसऱ्या कोणी तरी केलेले होते आणि अ‍ॅनालिटिक्सचा व पिक्सेलचा कोड थीमच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेला होता. पुढे टॅग मॅनेजर बसवताना तेच दोन्ही टॅग कंटेनरमध्येही, म्हणजे टॅग मॅनेजरमधल्या त्या संकेतस्थळाच्या संचातही, घातले गेले, पण हेडरमधला जुना कोड कोणी काढला नाही. बॅनर कंटेनरमधल्या टॅगना नीट अडवत होता आणि हेडरमधला कोड बॅनरला न विचारता आपले काम करत होता. म्हणजे ग्राहक नाही म्हणत होता, त्याचे ‘नाही’ नोंदलेही जात होते, आणि तरीही त्याची माहिती जात होती. जो माणूस आपल्या दारात येऊन नको म्हणतो, त्याचे म्हणणे ऐकल्याचे दाखवून प्रत्यक्षात न ऐकणे, हे विचारलेच नाही त्याहून वाईट आहे असे माझे ठाम मत आहे.

म्हणून टॅग मॅनेजरला हात लावण्याआधी संकेतस्थळाचा मूळ कोड पाहून घ्या. थीमचे हेडर आणि फूटर, वर्डप्रेसचे प्लगइन, ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमधले ‘पिक्सेल आयडी’चे रकाने, या सगळ्या ठिकाणी जुना कोड दडलेला असू शकतो. टॅग मॅनेजर आपल्या कंटेनरमधल्याच टॅगना आवरू शकतो, बाहेरच्या कोडवर त्याचा काही अधिकार चालत नाही.

मग टॅग मॅनेजर वापरायचाच कशाला?

एकाच जागी सगळे टॅग दिसतात, प्रत्येकाला संमतीची अट लावता येते, आणि प्रत्येक बदलाची आवृत्ती जपून ठेवली जाते, म्हणून. दोनच टॅग असतील आणि कोड लिहिणारा हाताशी असेल, तर त्याच्यावाचूनही भागते.

‘संमती मोड’ म्हणजे काय?

ग्राहकाने दिलेले उत्तर गूगलच्या टॅगपर्यंत पोचवण्याची ही व्यवस्था आहे. गूगलने ती २०२० मध्ये आणली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती जाहीर केली. मार्च २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातील लोकांना गूगलवर जाहिराती दाखवणाऱ्यांना या दुसऱ्या आवृत्तीतील संकेत पाठवल्याशिवाय पुनर्विपणनासारख्या, म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्यासारख्या, सोयी पूर्णपणे वापरता येत नाहीत.

तिच्यात चार किल्ल्या महत्त्वाच्या आहेत. ‘अ‍ॅड स्टोरेज’ जाहिरातींच्या कुकीजसाठी, ‘अ‍ॅनालिटिक्स स्टोरेज’ मोजमापाच्या कुकीजसाठी, ‘अ‍ॅड यूजर डेटा’ ग्राहकाची माहिती जाहिरातींच्या कामासाठी गूगलकडे पाठवण्यासाठी, आणि ‘अ‍ॅड पर्सनलायझेशन’ ती माहिती वापरून त्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखवण्यासाठी. शेवटच्या दोन दुसऱ्या आवृत्तीत आल्या. प्रत्येक किल्ली ‘ग्रँटेड’ किंवा ‘डिनाइड’, म्हणजे दिली किंवा नाकारली, अशा दोनच स्थितींत असते.

संमती मोड स्वतः ग्राहकाला काहीही विचारत नाही. विचारण्याचे काम बॅनरचे, म्हणजे संमती व्यवस्थापन साधनाचे. कुकीबॉट, कुकीयेस, वनट्रस्ट अशी अनेक साधने टॅग मॅनेजरच्या टेम्पलेट गॅलरीत, म्हणजे तयार साच्यांच्या संग्रहात, मिळतात. आपल्या संकेतस्थळावर गूगलच्या अ‍ॅडसेन्ससारख्या जाहिराती लावून आपण उत्पन्न मिळवत असाल आणि वाचक युरोपीय आर्थिक क्षेत्रातले किंवा ब्रिटनमधले असतील, तर गूगलने प्रमाणित केलेलेच साधन घ्यावे लागते.

टॅग मॅनेजरमध्ये मांडणी कोणत्या क्रमाने करावी?

क्रम हाच या कामाचा प्राण आहे, म्हणून घाई न करता वाचावे.

प्रथम कंटेनरच्या सेटिंगमध्ये जाऊन संमतीचा आढावा सुरू करावा. तो सुरू केला की टॅगच्या यादीवर ढालीचे चिन्ह येते आणि कोणत्या टॅगला संमतीची अट लावलेली आहे व कोणत्या टॅगचा निर्णयच झालेला नाही, हे एका नजरेत कळते. पहिल्यांदा उघडल्यावर बहुतेकांची जवळजवळ सगळी यादी ‘ठरवलेले नाही’ या गटात सापडते.

त्यानंतर गॅलरीतून आपल्या साधनाचे टेम्पलेट घ्यावे आणि त्याचा टॅग तयार करून त्याला ‘कन्सेंट इनिशियलायझेशन – ऑल पेजेस’ हा ट्रिगर लावावा. टॅग कधी चालायचा हे ठरवतो तो ट्रिगर. हा ट्रिगर बाकी सर्व ट्रिगरच्या आधी चालतो आणि तो याच कामासाठी राखलेला आहे. तिथे दुसरा कोणताही टॅग ठेवू नये. ‘ऑल पेजेस’ हा नेहमीचा ट्रिगर बॅनरला लावला, तर अ‍ॅनालिटिक्स आणि बॅनर यांची शर्यत लागते आणि कधी हा पुढे तर कधी तो, असा बेभरवशाचा कारभार होतो.

याच टॅगमध्ये चारही किल्ल्यांची सुरुवातीची स्थिती ‘नाकारली’ अशी ठेवावी. ही स्थिती कस्टम एचटीएमएल टॅगमधून कोड लिहून देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण त्या मार्गाने दिलेली आज्ञा रांगेत मागे पडून पुढचे टॅग आधी चालण्याची शक्यता राहते, तर टेम्पलेटमधून दिलेली आज्ञा तत्काळ लागू होते. साधन बाहेरच्या सर्व्हरवरून उशिरा येत असेल तर ‘वेट फॉर अपडेट’ या रकान्यात थोडा अवकाश द्यावा. ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद, हा नेहमीचा आकडा आहे. परत आलेल्या ग्राहकाचे जुने उत्तर वाचून होईपर्यंत टॅग तेवढा वेळ थांबतात.

सुरुवातीची स्थिती देशानुसार वेगळी ठेवता येते, म्हणजे जर्मनीतल्या माणसाला ‘नाकारली’ आणि भारतातल्याला ‘दिली’. मी तसे करत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला विचारायचे आणि होटगी रस्त्यावरच्या ग्राहकाला न विचारता मोजायचे, हे मला पटत नाही, आणि आपला स्वतःचा कायदाही आता स्पष्ट कृतीतूनच संमती मागतो.

मेटाचा पिक्सेल, चॅटची खिडकी असे गूगलबाहेरचे टॅग कसे आवरायचे?

गूगलचे टॅग संमती मोडची भाषा मुळातच जाणतात. कस्टम एचटीएमएल टॅगला ती येत नाही, त्याला सांगावे लागते. टॅग उघडून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधल्या संमतीच्या भागात ‘हा टॅग चालण्यासाठी अतिरिक्त संमती आवश्यक’ हा पर्याय निवडावा आणि योग्य किल्ली जोडावी. पिक्सेलला ‘अ‍ॅड स्टोरेज’, पानावर लोक कुठे जास्त क्लिक करतात याचे उष्णता-नकाशे काढणाऱ्या साधनाला ‘अ‍ॅनालिटिक्स स्टोरेज’.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात मी स्वतः एकदा अडकले होते. ही अट टॅगचा ट्रिगर ज्या क्षणी चालतो, त्याच क्षणी तपासली जाते. नवा ग्राहक येतो, पान उघडते, ट्रिगर चालतो, किल्ली अजून ‘नाकारली’ असते, म्हणून पिक्सेल थांबतो. चार सेकंदांनी ग्राहक ‘परवानगी आहे’ दाबतो. पण ट्रिगर तर होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्या पानावर पिक्सेल चालत नाही आणि जाहिरातीवरून आलेली नेमकी पहिली भेटच नोंदीतून निसटते. एका गणवेश उत्पादकाच्या संकेतस्थळावर असे झाले, शाळा सुरू होण्याच्या ऐन हंगामात त्यांना जाहिरातींचा हिशेब लागेना, आणि दोष बॅनरला दिला गेला. दोष माझ्या मांडणीत होता.

यावर उपाय असा की ग्राहकाने उत्तर दिल्यावर संमतीचे साधन डेटा लेयरमध्ये, म्हणजे पानाकडून टॅग मॅनेजरला माहिती पोचवणाऱ्या यादीत, जी घटना नोंदवते, तिचे नाव त्या साधनाच्या माहितीपत्रकात पाहून त्या नावाचा कस्टम इव्हेंट ट्रिगर तयार करावा आणि तो पिक्सेलला दुसरा ट्रिगर म्हणून जोडावा. त्याच वेळी टॅग ‘एका पानावर एकदाच’ चालेल असे ठरवावे, म्हणजे आधीच संमती दिलेल्या ग्राहकाची भेट दोनदा मोजली जाणार नाही.

बेसिक पद्धत घ्यावी की अ‍ॅडव्हान्स्ड?

बेसिक पद्धतीत संमती मिळेपर्यंत गूगलचे टॅग लोडच होत नाहीत. अ‍ॅडव्हान्स्ड पद्धतीत ते लोड होतात, पण संमती नसताना कुकी न ठेवता गूगलकडे केवळ एक संकेत पाठवतात, आणि अशा संकेतांवरून गूगल न मोजलेल्या भेटींचा अंदाज बांधते. अंदाजाची ही सोय ऐकायला आकर्षक आहे, पण अ‍ॅनालिटिक्समध्ये ती मिळण्यासाठी संमती नाकारलेल्या स्थितीतील रोज किमान १,००० घटना सात दिवस, आणि संमती दिलेले रोज किमान १,००० वापरकर्ते मागच्या २८ पैकी निदान सात दिवस लागतात. आपल्याकडच्या किती चटणीविक्रेत्यांकडे किंवा निर्यातदारांकडे एवढी वर्दळ आहे?

म्हणून छोट्या व्यवसायाला मी बेसिक पद्धतच सुचवते. तिथे ‘नाही’चा अर्थ सरळ ‘नाही’ होतो आणि ग्राहकाला तो एका वाक्यात समजावून सांगता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणासाठीही संमती लागते का?

साधा दुवा असेल तर नाही, कारण तो दाबेपर्यंत काहीच लोड होत नाही. तरंगते चॅट-विजेट दुसऱ्या कंपनीच्या कोडवर चालत असेल तर ते काय ठेवते ते तपासावे.

पानावर यूट्यूबची चित्रफीत आणि दुकानाचा नकाशा आहे. त्यांचे काय?

या गोष्टी थेट पानात रुजवलेल्या असतात, त्यामुळे टॅग मॅनेजरच्या अटी त्यांना लागू होत नाहीत. यूट्यूबसाठी ‘नोकुकी’ नावाचा वेगळा पत्ता आहे, तो वापरल्यास परिस्थिती सुधारते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चित्रफितीच्या जागी एक स्थिर चित्र ठेवून ते दाबल्यावरच चित्रफीत आणणे. यंत्रमागाची चित्रफीत ज्याला पाहायची आहे तो एकदा बोट लावतोच. नकाशाबाबतही तसेच करता येते, किंवा ‘सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला लागल्यावर’ असा पत्ता लिहून खाली नकाशाचा साधा दुवा देता येतो. गावातल्या ग्राहकाला त्याचाच जास्त उपयोग होतो.

जर्मन खरेदीदार असणाऱ्यांनी अक्षरांचे फाँटही आपल्याच सर्व्हरवर ठेवावेत. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने, गूगलच्या सर्व्हरवरून फाँट आणताना पाहणाऱ्याचा आयपी पत्ता संमतीशिवाय गूगलकडे गेला म्हणून, संकेतस्थळधारकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. रक्कम लहान होती, पण बोध घेण्याजोगा निकाल होता.

बॅनरवर काय लिहावे?

‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही कुकीज वापरतो’ हे वाक्य मी आता कुठेही लिहीत नाही. चादरीच्या एका दुकानात वयस्कर मालकांनी ते मोठ्याने वाचले, चष्मा काढला आणि विचारले, ‘‘अनुभव चांगला करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?’’ माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. त्यांच्यासमोर बसूनच आम्ही मजकूर नव्याने लिहिला, तो असा:

‘आमच्या संकेतस्थळावर किती लोक येतात आणि कोणती पाने पाहतात हे मोजण्यासाठी आम्ही गूगल अ‍ॅनालिटिक्स वापरतो. आमच्या जाहिराती आपल्याला फेसबुक व इन्स्टाग्रामवर दाखवता याव्यात म्हणून मेटाचा पिक्सेल वापरतो. दोन्हींसाठी आपल्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवावी लागते. आपण नाही म्हणालात तरी खरेदी नेहमीप्रमाणे करता येईल.’

त्याखाली तीन बटणे: ‘परवानगी आहे’, ‘परवानगी नाही’ आणि ‘निवड करा’. पहिली दोन एकाच आकाराची, एकाच ठळकपणाची. हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. स्वीकारणे एका क्लिकचे आणि नाकारणे अनेक क्लिकचे ठेवले म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता. ‘निवड करा’च्या आत आधीच खुणा केलेले चौकोन ठेवणेही चालत नाही. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या प्लॅनेट४९ प्रकरणातील निकालात अशी संमती ग्राह्य नाही असे स्पष्ट केले आहे.

भाषांतराबाबत एक विनंती. साधनासोबत आयता मिळणारा मराठी मजकूर तसाच लावू नका. तो घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि काय समजले ते विचारा. तेलुगू व कन्नड मजकूरही ती भाषा घरी बोलणाऱ्याकडूनच वाचून घ्या. सोलापुरात असा माणूस शेजारच्याच गल्लीत भेटतो.

सगळे नीट चालले आहे हे कसे तपासायचे?

टॅग मॅनेजरमधले ‘प्रिव्ह्यू’ दाबले की टॅग असिस्टंट उघडतो आणि डावीकडे घटनांची यादी दिसते. तिच्यात ‘कन्सेंट इनिशियलायझेशन’ ही घटना बाकी टॅग चालण्याच्या आधी घडलेली हवी. ती घटना निवडून ‘कन्सेंट’ हा टॅब पाहिला की चारही किल्ल्यांची सुरुवातीची आणि सध्याची स्थिती कळते. बॅनरला उत्तर देण्याआधी, नकार दिल्यावर आणि होकार दिल्यावर, असे तीन वेगवेगळ्या वेळी ते पाहावे.

दुसरी तपासणी ब्राउझरच्या ‘नेटवर्क’ विभागात. गूगलकडे जाणाऱ्या विनंतीत ‘जीसीएस’ नावाचा रकाना असतो. त्यात ‘जी१००’ असेल तर जाहिरात आणि मोजमाप दोन्ही नाकारलेले आहेत, ‘जी१११’ असेल तर दोन्ही दिलेले आहेत, आणि ‘जी१०१’ म्हणजे फक्त मोजमापाला परवानगी. बेसिक पद्धत असेल तर नकारानंतर अशी विनंती मुळात दिसताच कामा नये.

तिसरी तपासणी सर्वांत सोपी आणि मालकाने स्वतः करण्याजोगी: खाजगी विंडो, संकेतस्थळ, ‘परवानगी नाही’, आणि मग कुकीजची यादी. अंडरस्कोर जीए किंवा अंडरस्कोर एफबीपी दिसली तर काम करणाऱ्याला फोन करावा. प्रत्येक वेळी नवी खाजगी विंडो घ्यावी, नाही तर आधीच्या तपासणीतल्या कुकीज दिसून दिशाभूल होते.

प्रिव्ह्यूमध्ये सगळे ठीक दिसते, पण प्रत्यक्षात बॅनरच येत नाही किंवा फार उशिरा येतो. असे का?

बहुधा वेग वाढवणाऱ्या प्लगइनमुळे. वर्डप्रेसवरची काही कॅशिंग प्लगइन ग्राहकाने पान सरकवेपर्यंत सर्व स्क्रिप्ट रोखून धरतात, आणि त्यात बॅनरची स्क्रिप्टही अडकते. संमतीच्या साधनाची स्क्रिप्ट या रोखण्यातून वगळावी आणि कॅशे रिकामा करावा. दुसरे साधे कारण म्हणजे कंटेनर पब्लिश करायचाच राहून गेला असणे. प्रिव्ह्यू आपल्यापुरता असतो.

बॅनर लावल्यापासून अ‍ॅनालिटिक्समधले आकडे घसरले. धंदा कमी झाला का?

मोजणी कमी झाली. नाही म्हणणारे ग्राहक आता मोजले जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. धंद्याचा अंदाज ऑर्डरच्या नोंदी, आलेले फोन आणि चौकशीचे अर्ज यांवरून घ्यावा, आणि बॅनर लावल्याची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे मागच्या वर्षीच्या दिवाळीशी किंवा गड्डा यात्रेच्या दिवसांशी तुलना करताना गफलत होणार नाही. जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कोणी ‘बॅनर काढून टाका, आकडे परत येतील’ असा सल्ला दिला, तर तो मानू नये. परत येतील ते परवानगी न दिलेल्या माणसांचे आकडे.

आमचे संकेतस्थळ शाळकरी मुलांच्या शिकवणीचे आहे. काही वेगळे करावे लागेल का?

होय, आणि पुष्कळ वेगळे. भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते, आणि मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. काही मोजके अपवाद नियमांत आहेत. या अटी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुले स्वतः लॉगिन करून धडे पाहतात त्या पानांवर जाहिरातीचा पिक्सेल ठेवूच नये. टॅग मॅनेजरमध्ये त्या पानांसाठी अपवादाचा ट्रिगर लावून तो पूर्णपणे बंद करता येतो.

एकदा उत्तर दिल्यावर ग्राहकाला पुन्हा कधी विचारावे?

फ्रान्सच्या नियामकाची शिफारस ग्राहकाची निवड, मग ती होकाराची असो वा नकाराची, सहा महिने जपण्याची आहे, आणि मी सर्वांसाठी तोच काळ ठेवते. नाही म्हटलेल्या माणसाला प्रत्येक पानावर पुन्हा विचारणे म्हणजे तो कंटाळून हो म्हणेल याची वाट पाहणे होय. कुकीजचा नवा उद्देश जोडला, तर मात्र मुदतीची वाट न पाहता नव्याने विचारावे.

ग्राहकाने नंतर संमती मागे घेतली तर आधी ठेवलेल्या कुकीजचे काय होते?

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे भारतीय आणि युरोपीय दोन्ही कायदे सांगतात. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कुकी-संमती बदला’ असा दुवा ठेवावा आणि तो दाबल्यावर तोच बॅनर पुन्हा उघडावा.

किल्ली ‘नाकारली’ झाल्यावर टॅग त्या कुकीज वापरायचे थांबवतात, पण आधीच बसलेल्या कुकीज संमती मोड आपणहून पुसत नाही. काही साधने आपल्या डोमेनवरच्या कुकीज स्वतः काढतात. आपले साधन काढते का, हे वर सांगितलेल्या यादीत पाहून घ्यावे. काढत नसेल तर संमती बदलल्याच्या घटनेवर चालणारा आणि अंडरस्कोर जीए, अंडरस्कोर एफबीपी यांची मुदत मागील तारखेची करून टाकणारा एक छोटा टॅग लिहून घ्यावा. डोमेनचे नाव कुकी ठेवताना जे दिले होते तेच द्यावे लागते. ते चुकले की टॅग चाललेला दिसतो आणि कुकी मात्र जागची हलत नाही.